अर्धी मात्रा

टेप जुनी होऊन चिकटायला लागली की भाजावी लागते.
हे मला लॉर्न ह्रुश्कानेच शिकवलं,
म्हणून त्याच्या टेपा आज त्याच्याच स्वयंपाकघरात,
नासपती सुकवायच्या यंत्रात,
पंचावन्न अंशांवर, आठ तास.
(ह्रुश्का म्हणजे त्यांच्या भाषेत नासपतीच.
या विनोदावर तो एकटाच हसायचा.)
बाहेर ॲक्रनचा फेब्रुवारी.
एके काळी इथे वाळत घातलेल्या चादरींनाही
रबराचा वास यायचा.
आता बर्फ पडतो, नुसता बर्फ.

वाट पाहणाऱ्याला जुने हिशेब आठवतात.

बाप आंद्रेय टायरच्या कारखान्यात, कायम रात्रपाळी.
साचा मिटायचा, वाफ सुटायची,
श्श् ठक्, श्श् ठक्,
पोरगं खिडकीशी बसून मोजायचं
आणि दर वेळी साडेसातावर यायचं.
"सात म्हण, नाहीतर आठ,"
पियानोच्या बाई म्हणाल्या,
"अर्धं माप भाजीवाल्याकडे."
ते त्याने मनाला लावून घेतलं.

बंद पडलेल्या चर्चच्या तळघरात चौघांचा बँड,
टिन ऑर्चर्ड.
एक रेकॉर्ड. खपली तीनशे चाळीस.
उरलेल्यांवर त्याच्या आईचा फ्रीज उभा होता,
अगदी समतल.

मग तो काचेच्या अलीकडे आला.
ड्रम नेऊन ठेवले आटलेल्या पोहण्याच्या तलावात.
गिटारचा आवाज शाळेच्या लोखंडी कपाटात कोंडला.
गायिकेला पाण्याची बादली घेऊन तीन जिने चढायला लावलं
आणि म्हणाला, आता म्हण.
ती शिव्या देत गायली. तेच गाणं सहा देशांत वाजलं.
लॉस एंजेलिसला बोलावलं, अकरा आठवड्यांत परतला:
"तिथल्या भिंतींना काही सांगायचंच नसतं."
मग ओसाकाहून, लीड्सहून पोरं त्याच्या कोठारात येऊ लागली,
महागडी वाद्यं घेऊन.
तो अर्धी गाडीतच ठेवायला सांगे.
इतरांनी वाजवलेलं पुसत जाणं,
हेच त्याचं वाजवणं.

आणि ती अडखळ.
ध्रुवपदाच्या आधी सगळा बँड अर्धी मात्रा थबकायचा,
अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं
आणि पायरी नसावी, तसा.
त्याच्या प्रत्येक रेकॉर्डवर.
प्राध्यापकांनी त्यावर निबंध लिहिले.
त्याला विचारलं की म्हणे,
"चूक होती. ठेवून दिली."

शेवटी डावा कान गेला. मग उजवाही निम्मा.
पेन्सिल दातांत धरून दुसरं टोक स्पीकरला टेकवायचा,
जबड्याने ऐकायचा.
पेन्सिली मी तासून द्यायचे.
चावलेल्या पेन्सिलींचा डबा अजून माझ्याकडे आहे.

संध्याकाळी पहिली टेप निघाली,
कोमट, फळांच्या वासाची.
एकाहत्तरचा नोव्हेंबर, टिन ऑर्चर्ड.
सहावी पट्टी त्याने मला कधीच उघडू दिली नव्हती.
उघडली.
गाणं चाललंय. दार करकरतं.
डब्याचा पत्रा कुठेतरी आपटतो,
आणि पाळीवरून थेट आलेला एक घोगरा आवाज:
"हे चालू आहे होय?"

ड्रमवाला थबकतो. अर्धी मात्रा. पुन्हा धरतो.
म्हातारा मात्र जात नाही.
गाणं संपेपर्यंत पट्टीवर त्याचा श्वास आहे
आणि जड बुटाचा ठेका,
गाण्याशी न जुळणारा.
मी मोजला. दोनदा मोजला.

कंपनीला नवी आवृत्ती हवी आहे,
खरखर काढून, स्वच्छ, शुक्रवारपर्यंत.
सहाव्या पट्टीचं काय करायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.
यंत्रात आणखी अकरा टेपा आहेत.